अकरावीतला मुलगा, बारा चित्रं आणि अमेरिकेचा इतिहास

पत्र: माझा मुलगा न्यू जर्सीत, एडिसनला अकरावीत शिकतो. त्याच्या यूएस हिस्टरी टूच्या वर्गाला इतिहास, इंग्रजी आणि चित्रकला अशा तीन विषयांच्या शिक्षकांनी मिळून एक प्रोजेक्ट दिलं आहे. विषय ग्रेट मायग्रेशन, म्हणजे कृष्णवर्णीयांचं दक्षिणेतून उत्तरेकडे झालेलं मोठं स्थलांतर. तिघांच्या गटानं बारा चित्रं काढायची, प्रत्येकाखाली दोन ओळी लिहायच्या आणि शेवटी पालकांसमोर काहीतरी सादर करायचं. या भागावर लेखी परीक्षा नाही, मार्क यावरच. घरभर पुठ्ठे आणि रंग पसरलेत, पुस्तक उघडलेलं काही दिसत नाही. मी सांगलीत शिकले. आम्ही सनावळ्या पाठ केल्या, नकाशे भरले. याचे मित्र एपीची, म्हणजे हायस्कुलात देतात त्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षांची, तयारी करताहेत आणि हा रंग कालवत बसलाय. चित्रं नीटनेटकी दिसावीत म्हणून त्याचे बाबा रात्री बसून रेषा मारून देतात. आता तर म्हणतो, कार्यक्रमात मी दक्षिणेतल्या एका कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या तोंडची कविता तिकडच्या बोलीत म्हणणार. ते ऐकून मला कसंतरीच झालं. शिवाय हा काही आपला इतिहास नाही. मी शिक्षकांशी बोलू का? – एक आई

प्रिय ताई,

प्रोजेक्ट चालू द्या. बाबांना ब्रश खाली ठेवायला सांगा. आणि कवितेचं ऐकून तुम्हाला जे कसंतरी झालं, ते अगदी योग्य होतं, त्यावर मुलाशी आजच बोला. शिक्षकांशी बोलायचं की नाही, ते त्यानंतर ठरवू.

चित्रांचं आधी बोलते, कारण तुमची खरी काळजी तीच आहे. चित्रं काढून इतिहास कळतो का? इथल्या हायस्कुलात इतिहास शिकवताना मला हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे की कळतो, आणि कधी कधी पाठांतरापेक्षा जास्त कळतो. पण एका अटीवर. ती अट पुढे सांगते.

पुस्तकातल्या वाक्यात पुष्कळ गोष्टी झाकून जातात. ‘१९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिणेकडची राज्यं सोडून उत्तरेत आणि पश्चिमेत गेले.’ हे वाक्य तुमच्या मुलानं घोकलं तर चाचणीत त्याला पूर्ण मार्क मिळतील. पण तेच चित्रात दाखवायला घेतलं की पेन्सिल अडते. हे लोक डब्यात कुठे बसलेत? कोणत्या डब्यात? सोबत काय घेतलंय? स्टेशनवर त्यांना निरोप द्यायला कोण आलंय, की कुणाला कळू न देता निघालेत? वाक्यात यातलं काहीच ठरवावं लागत नाही. चित्रात प्रत्येक इंच ठरवावा लागतो आणि ठरवायचं तर आधी माहीत असावं लागतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं याच विषयावर चित्र काढलं होतं. मिसिसिपीहून शिकागोला निघालेलं कुटुंब गाडीच्या डायनिंग कारमध्ये बसलंय, टेबलावर पांढरं कापड, खिडकीबाहेर कापसाची शेतं. रंगसंगती सुरेख होती. मी फक्त विचारलं, ‘यांना या टेबलावर कुणी बसू दिलं?’ ती गप्प झाली आणि शोधायला लागली. दक्षिणेत रेल्वेचे डबे वर्णानुसार वेगळे होते आणि १८९६च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं होतं, हे तिनं पुस्तकात वाचलेलं होतंच. पण जेवणाच्या डब्याचं काय? शोधता शोधता ती १९५०च्या हेंडरसन खटल्यापर्यंत पोचली. सदर्न रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये दहा टेबलं गोऱ्यांची आणि एकच टेबल कृष्णवर्णीयांचं, तेही पडदा लावून वेगळं काढलेलं. १९४२ साली एल्मर हेंडरसन नावाच्या सरकारी कर्मचाऱ्याला रिकाम्या जागा असूनही जेवायला बसू दिलं नाही, म्हणून तो न्यायालयात गेला आणि आठ वर्षांनी जिंकला. मुलीनं चित्र बदललं. डायनिंग कार गेली, साध्या डब्यातल्या बाकावर आईच्या मांडीवर बुटांचं रिकामं खोकं आलं, त्यात घरून बांधून घेतलेली कोंबडी आणि उकडलेली अंडी. वाटेत जेवण मिळेल याची खात्री नसल्यामुळे कृष्णवर्णीय प्रवासी शिदोरी घेऊनच निघत, हे तिला तोपर्यंत कळलं होतं. त्या मुलीला प्लेसी खटल्याचं साल परत कधी पाठ करावं लागलं नाही.

तर अट ही, की चित्रातल्या प्रत्येक ठळक गोष्टीला ‘हे असंच का?’ असं विचारलं, तर मुलाकडे पुराव्यासकट उत्तर हवं. उत्तर असेल तर तो इतिहास शिकतोय. नसेल तर नुसते पुठ्ठे रंगवतोय आणि तुमची तक्रार रास्त आहे. अशी प्रोजेक्टं फसतात ती इथेच. चमकी, सुंदर अक्षर, कॉम्प्युटरवरून छापलेली सजावट, आणि आत काहीच नाही. अशी पाहिलीत मी, आणि त्यांना चांगले मार्क मिळालेलेही पाहिलेत. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या मुलाच्या शिक्षकांनी बारा चित्रं आणि दोन-दोन ओळी असा घाट का घातला असेल, याचा अंदाज मला आहे. जेकब लॉरेन्स या चित्रकाराची याच स्थलांतरावरची ६० चित्रांची मालिका आहे, १९४०-४१ सालची. लॉरेन्सचा जन्म १९१७चा, तुमच्याच न्यू जर्सीत, अटलांटिक सिटीला. त्याचे आईवडील स्वतः त्या लोंढ्याबरोबर उत्तरेत आलेले. वयाच्या तेराव्या वर्षी तो हार्लेमला आला. हायस्कूल त्यानं पुरं केलं नाही. पण ही मालिका करायची ठरल्यावर तो आधी गेला १३५व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक वाचनालयात आणि तिथल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या संग्रहात बसून त्यानं वाचून काढलं. मजकूर आधी, चित्रं नंतर. ओळी लिहायला ग्वेंडोलिन नाइट या चित्रकर्तीची मदत झाली, पुढे ते दोघं पतीपत्नी झाले. मग साठही फळ्यांवर, प्रत्येकी जेमतेम १२ बाय १८ इंचांच्या, त्यानं पेन्सिलीनं रेखाटनं केली. रंगवताना एक चित्र पुरं करून दुसरं घ्यायचं, असं केलंच नाही. एक रंग घ्यायचा, तो साठही चित्रांत जिथे जिथे हवा तिथे लावायचा, मग पुढचा रंग. गडदाकडून फिक्याकडे. त्यामुळे साठ चित्रं एका गोष्टीसारखी जोडलेली राहिली. हे केलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

त्या मालिकेत नुसती गाडी आणि सामान नाही. पहिल्याच चित्रात स्टेशनावरची गर्दी शिकागो, न्यूयॉर्क आणि सेंट लुईस अशा तीन दारांकडे लोटलेली आहे. पुढे एकेक कारण येतं. कापसाच्या बोंडात शिरणारा बॉल वीव्हिल हा किडा, जो १८९२ साली मेक्सिकोतून टेक्ससमध्ये शिरला आणि पुढे दक्षिणेतली शेती खात गेला. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून येणारे कामगार थांबले आणि उत्तरेतल्या कारखान्यांना माणसं हवी झाली. आणि लिंचिंग, म्हणजे जमावानं खटल्याशिवाय माणसाला ठार मारणं. त्या चित्रात लॉरेन्सनं लटकलेला देह दाखवलेला नाही. एक फांदी, तिला रिकामा फास आणि खाली गुडघ्यांवर झुकून बसलेलं एक माणूस, एवढंच. काय दाखवायचं नाही, हाही अभ्यासातूनच आलेला निर्णय असतो. मुलाला हे चित्र बघायला सांगा आणि त्यावर त्याला काय वाटतं ते ऐका. कवितेचा प्रश्न बराचसा तिथेच सुटेल.

आता एपी. मुलाचे मित्र मे महिन्यात अमेरिकेच्या इतिहासाचा जो पेपर देतील त्यात ५५ वस्तुनिष्ठ प्रश्न असतात हे खरं, पण त्यांना गुणांचा वाटा ४० टक्के. बाकी सगळं लिहायचं. त्यातला सर्वांत वजनदार प्रश्न डीबीक्यू, म्हणजे कागदपत्रांवर आधारलेला प्रश्न, एकटा २५ टक्क्यांचा. सात कागदपत्रं समोर ठेवतात, कुठे पत्र, कुठे भाषण, कुठे व्यंगचित्र, आणि तासाभरात त्यांच्या आधारे स्वतःचं म्हणणं मांडायचं. हे कुणी लिहिलं, कुणासाठी, त्या वेळी काय चाललं होतं, याचा विचार त्यात करावा लागतो. तुमचा मुलगा बारा चित्रांसाठी नीट खपला तर हीच तालीम करतोय. सनावळ्या मात्र लागतातच, तिथे मी तुमच्या बाजूची आहे. क्रम डोक्यात नसेल तर कारणं लागत नाहीत. १८६५ला गुलामगिरी संपली, १८७७ला दक्षिणेतलं केंद्राचं सैन्य मागे घेतलं, १८९६ला प्लेसी, १९१४ला युद्ध, १९१७ला अमेरिका त्यात उतरली, १९५४ला शाळांमधलं वेगळेपण घटनाबाह्य ठरलं, १९६४ आणि १९६५ला नागरी हक्कांचे आणि मतदानाचे कायदे. एवढी साखळी त्याला तोंडपाठ हवी, आणि प्रत्येक चित्र तिच्यात कुठे बसतं ते सांगता आलं पाहिजे. सांगलीत तुमच्या बाईंनी जे करून घेतलं ते वाया गेलेलं नाही. हा भाग तुम्ही त्याच्याकडून करून घ्या.

त्याला एक वही करायला सांगा. इथे नॅशनल हिस्टरी डे नावाची स्पर्धा १९७४ साली क्लीव्हलंडमध्ये सुरू झाली, आज देशभरातली सहावी ते बारावीची मुलं तीत उतरतात. प्रदर्शन, माहितीपट, नाट्यप्रयोग, वेबसाइट, निबंध, काहीही करा, पण सोबत दोन कागद द्यावेच लागतात. काम कसं केलं त्याची हकीकत, आणि कोणत्या साधनाचा काय उपयोग झाला हे सांगणारी संदर्भांची यादी. हाच नियम घरी लावा. एका पानावर एक चित्र, त्यात काय दाखवलं, का दाखवलं, कुठून कळलं. तुम्ही रोज रात्री दहा मिनिटं ती वही घेऊन बसा आणि विचारत राहा. तुम्हाला उत्तरं माहीत असण्याची काहीच गरज नाही, उलट नसली तर बरं. गटातली दोघं नुसत्या पाट्या टाकत असतील तर तेही या वहीत आपोआप दिसेल, प्रत्येकानं आपलं पान आपण लिहायचं. आणि मशीनला सांगून चित्र तयार करून घेण्याचा मोह कुणाला झाला तर तिथेच थांबवा. ते चित्र दिसेल छान, पण त्यातल्या एकाही गोष्टीचं ‘का’ कुणाकडे नसेल.

बाबांचंही तेच. त्यांचा हेतू चांगला आहे, मुलाजवळ बसायला मिळतंय याचा त्यांना आनंदही असेल. पण रेष कुठे मारायची हे बाबांनी ठरवलं की तेवढा विचार मुलाच्या हातून सुटतो. वाकड्या रेषांना इथे मार्क जात नाहीत, आणि गेले तर जाऊ द्या. त्यांना दुसरं काम द्या. त्यांनी आणि मुलानं मिळून नकाशा काढावा. मिसिसिपीतून इलिनॉय सेंट्रल रेल्वेनं शिकागो, जॉर्जिया-कॅरोलायनातून किनाऱ्यानं फिलाडेल्फिया, नुअर्क, न्यूयॉर्क. कुठून निघालेली माणसं कुठे पोचली हे बऱ्याच अंशी रेल्वेच्या रुळांनी ठरवलं. तुम्ही सांगलीत नकाशे भरलेत, हे तुम्हालाही आवडेल.

आता कविता. मुलाच्या मनात वाईट काही नाही, त्याला त्या माणसाच्या जवळ जायचंय. पण ज्याचं दुःख आपण भोगलेलं नाही त्याची बोली उसनी घेऊन, हातवारे करून ते सभेत वठवायचं, यात दोन धोके आहेत. एक, ती बोली त्याला येत नाही, म्हणजे ऐकीव नक्कल होणार. आणि अमेरिकेत अशा नकलेला फार कुरूप इतिहास आहे. गोरे नट तोंडाला काळं फासून अशाच बोलीत कृष्णवर्णीयांची टिंगल करत आणि तिकिटं लावून ते खेळ होत. समोर बसलेल्या कृष्णवर्णीय आईवडिलांना तेच आठवेल. दुसरा धोका, आपण त्या माणसाच्या तोंडी आपली वाक्यं घालतो, आणि त्याची खरी वाक्यं शिल्लक असताना तशी गरजच नाही.

ती खरोखर शिल्लक आहेत. १९१६ ते १९१८ या काळात दक्षिणेतल्या साध्या लोकांनी कामाची चौकशी करणारी पत्रं उत्तरेत पाठवली, कित्येक तर शिकागो डिफेंडर या वर्तमानपत्राला. हे वर्तमानपत्र रॉबर्ट अ‍ॅबट यांनी १९०५ साली काढलं आणि पुलमन पोर्टर, म्हणजे आगगाडीच्या शयनडब्यांत प्रवाशांची सेवा करणारे कृष्णवर्णीय कर्मचारी, त्याचे अंक दक्षिणेत पोचवत. त्या पत्रांचा मोठा संग्रह एमेट स्कॉट यांनी १९१९ साली एका इतिहासविषयक नियतकालिकात छापला. माणसं आपलं काम सांगतात, घरात खाणारी तोंडं किती ते सांगतात, तिकिटाचे पैसे मिळतील का विचारतात, आणि आपलं नाव कुठे छापू नका अशी विनंती करतात. हे शेवटचं का, ते मुलाला शोधू द्या. त्याला उत्तर मिळेल की मजूर निघून जाऊ नयेत म्हणून दक्षिणेतल्या गावांनी काय काय केलं. जॉर्जियातल्या मेकन शहरानं तर मजूर नेणाऱ्या एजंटाकडून २५,००० डॉलर परवाना-शुल्क मागितलं होतं.

त्यानं यातलं एक पत्र निवडावं, ते स्वतःच्या साध्या आवाजात, नक्कल न करता वाचावं. आणि कविता लिहायचीच असेल तर स्वतःच्या तोंडची लिहावी. एडिसनमध्ये बसून शंभर वर्षांपूर्वीचं पत्र वाचणाऱ्या मुलाला काय वाटलं, ते. ती कविता त्याच्याशिवाय दुसरं कुणी लिहू शकणार नाही.

आणि इथेच तुमचं ‘हा काही आपला इतिहास नाही’ हे वाक्य येतं. ताई, ते मला मान्य नाही. हा इतिहास ज्यांनी सोसला त्यांचाच आहे, त्यावर आपला हक्क सांगायचा नाही, हे खरं. पण त्याचं आपल्याशी नातं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल. पुण्यातला एक माणूस हे लिहीत होता तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय पुरुष मतदान करत होते, निवडूनही येत होते. चारच वर्षांनी सैन्य मागे गेलं, आणि पुढच्या काळात ते हक्क एकेक करून हिरावले गेले. तुमच्या मुलाच्या बारा चित्रांतली माणसं याच मोडलेल्या वचनापासून दूर निघाली होती. पुढे १९१३ ते १९१६ डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेमला लागून. त्यांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिलं, कृष्णवर्णीयांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागणारं.

आणि तुमचं स्वतःचं घर. भारतातून येणाऱ्यांना या देशात वर्षाला जेमतेम १०० जागा असायच्या. तो राष्ट्रवार कोटा मोडला १९६५च्या इमिग्रेशन कायद्यानं, मतदान हक्काच्या कायद्यानंतर दोनच महिन्यांत. वंशावरून भेद करणं चूक आहे असं हा देश तेव्हा म्हणू लागला, कारण कृष्णवर्णीयांनी रस्त्यावर उतरून, मार खाऊन, तुरुंगात जाऊन त्याला तसं म्हणायला लावलं होतं. एडिसनच्या ओक ट्री रोडवर आज आपल्याला गोडा मसाला मिळतो त्यामागे हे आहे. सादरीकरणाच्या शेवटी मुलानं हे एवढं जरी सांगितलं, तरी सभागृहातल्या आपल्या लोकांनाही ते ऐकण्याची गरज आहे.

एखाद्या शनिवारी तिघं न्यूयॉर्कला जा. पेन स्टेशनवरून २ किंवा ३ नंबरच्या सबवेनं १३५व्या रस्त्यावर उतरलात की समोरच शॉम्बर्ग सेंटर आहे. लॉरेन्स ज्या संग्रहात बसून वाचत होता तोच तिथे वाढला आहे. त्याच्या मालिकेतली सम क्रमांकाची तीस चित्रं म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे आहेत, विषम क्रमांकाची वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनकडे. जाण्याआधी ती मांडलेली आहेत ना, हे बघून घ्या. ऑनलाइन तर साठही बघता येतात.

शिक्षकांना जरूर लिहा, पण तक्रारीचं पत्र नको. चित्रांबरोबर साधनांची यादी द्यायची आहे का आणि तिला गुण आहेत का, एवढं विचारा. उत्तर ‘नाही’ असं आलं तर ‘ठेवाल का?’ असंही विचारा. मनापासून शिकवणाऱ्या शिक्षकाला पालकांकडून असा प्रश्न आला तर आनंदच होतो. आणि पुढच्या वर्षी त्याला एपी घ्यायचंच असेल, तर आफ्रिकन अमेरिकन स्टडीज हा विषय २०२४पासून एपीमध्ये रीतसर सुरू झाला आहे, त्याच्या गुणांत मुलानं स्वतः केलेल्या प्रोजेक्टचाही वाटा असतो. त्याच्या शाळेत तो आहे का, हे गायडन्स काउन्सेलरकडून विषय निवडायच्या आधी विचारून घ्या.